सुलतानाचे स्वप्न आणि सूड

अन्याय उलटा करून दाखविणे म्हणजे सूड उगविणे होय काय? स्त्रियांच्या एका जुन्या मासिकातील कथा वाचल्यापासून हा प्रश्न माझ्या मनात घोळतो आहे.

१९०१ साली मद्रासेत कमला सत्यनाथन या ख्रिस्ती विदुषीने ‘इंडियन लेडीज मॅगझिन’ हे इंग्रजी मासिक सुरू केले. (‘सगुणा’ ही कादंबरी लिहिणाऱ्या कृपाबाई या त्यांच्या पतीच्या दिवंगत प्रथम पत्नी, त्या जन्माने अहमदनगरच्या, मराठी ख्रिस्ती घराण्यातल्या.) मासिकाचा सूर सौम्य होता. स्त्रीने शिकावे, पण घराची घडी विस्कटू नये, असा. सरोजिनी नायडूंच्या कविता त्यात येत. अशा पानांवर १९०५ साली बेगम रोकेया सखावत होसेन यांची ‘सुलतानाज ड्रीम’ ही कथा प्रसिद्ध झाली.

सुलतानाचा आरामखुर्चीत डोळा लागतो आणि ती स्त्रीराज्यात जाऊन पोहोचते. तेथील स्त्रिया विद्यापीठे चालवितात, ढगांतून पाणी काढून घेतात, सूर्याच्या उष्णतेने शत्रुसैन्य पळवून लावतात. आणि पुरुष? ते ‘मर्दान्या’त कोंडलेले; मुले सांभाळतात, स्वयंपाक करतात.

दौऱ्यावरून परतलेल्या पतीने ही कथा उभ्या उभ्याच वाचून काढली आणि तो उद्गारला, हा तर भयंकर सूड! रोकेयाबाईंच्या लेखनाला उत्तेजन देणारेही हेच पती, हे विसरता कामा नये.

मला मात्र तो शब्द सहजी पटत नाही. सुडात कोणाला तरी इजा होते. येथे एकाही पुरुषाच्या दाराला कडी लागली नाही. आपण त्या बंदिस्त पुरुषांना हसतो, आणि हसता हसता जीभ चावतो : याच स्थितीतील स्त्रीकडे पाहून आपल्याला कधी नवल का वाटले नाही? एखाद्या लेखाचे खंडन करता येते. स्वतःच्या हसण्याचे कसे करणार?

तरीही एक गोष्ट खटकतेच. त्या राज्यात खोटे बोलणाऱ्याला देशाबाहेर काढतात, ईश्वराने निर्मिलेल्या जिवाची हत्या करीत नाहीत; पण पुरुषांविषयी इतकेच सांगितले जाते की, त्यांना आता सवय झाली आहे, ते कुरकुरत नाहीत. स्त्रियांविषयी पिढ्यान्‌पिढ्या दिले गेलेले उत्तर नेमके हेच! लेखिकेने ते जाणून लिहिले असावे, असे मला वाटते. तसे नसेल, तर पतीचा शब्द थोडा खरा मानावा लागेल.

पतीच्या निधनानंतर, १९११ साली, रोकेयाबाईंनी कलकत्त्यात आठ मुलींना घेऊन शाळा चालू केली. पुढे मुलींना आणण्यासाठी मोटार आली, तीही पडद्याचीच. आत हवा नाही. मुलींना भोवळ येई, उलट्या होत. हे त्यांनी स्वतःच ‘अवरोधबासिनी’त (१९३१) नोंदविले आहे. मग झडपांच्या जागी पडदे लावले. तेव्हा तक्रारीची पत्रे आली : वाऱ्याने पडदा हलतो.