आजचं चिंतन: दान कुणाला, आणि कसं?



आजचं वाचन: भगवद्गीता, अध्याय १७, श्लोक २० ते २२.

या तीन श्लोकांत भगवंत दानाचे तीन प्रकार सांगतात. योग्य ठिकाणी, योग्य वेळी, योग्य पात्राला, आणि जो आपली परतफेड करू शकणार नाही अशाला, केवळ कर्तव्य म्हणून दिलेलं ते सात्त्विक. परतफेडीच्या किंवा फळाच्या आशेने, नाहीतर जिवावर येऊन दिलेलं ते राजस. भलत्या ठिकाणी, भलत्या वेळी, अपात्राला किंवा आदर न ठेवता, तुच्छतेने दिलेलं ते तामस.

आपण बहुतेक वेळा 'पात्र' या एका शब्दावर अडकतो. हा खरंच गरजू आहे का? पैसे भलतीकडे तर नाही ना जाणार? प्रश्न चुकीचा नाही. पण बाविसावा श्लोक परीक्षा देणाऱ्याचीही घेतो. माणूस योग्य, वस्तू योग्य, पण देताना त्याची मान खाली गेली तर? मग आपलं दानही तामसाच्या यादीत जाऊन बसतं. हातात ब्लँकेट देऊन आधी फोटोसाठी उभं करणं म्हणजे नेमकं हेच.

आता पाली डोळ्यांसमोर आणा. बल्लाळेश्वराची नव्हे, रत्नागिरीची पाली. जिथून मुंबई-गोवा महामार्ग लांज्याकडे जातो आणि दुसरा रस्ता नाणीज, साखरपा करत आंबा घाटाकडे वळतो. आपल्यापैकी कुणाचं गाव याच वाटेवर असेल. आपण ठाण्यात किंवा हिंजवडीत बसून फोनवरून पाचशे रुपये पाठवतो. देश, काल, पात्र, तिन्ही आपल्याला दिसत नाहीत. तिथल्या मुलीला वह्या हव्यात की एसटीचा पास, हे तिथे राहणाऱ्यालाच कळणार. म्हणून मध्ये संस्था लागते, ट्रस्ट लागतो. ट्रस्टी म्हणजे विश्वस्त. पैसा त्याच्या हातात, पण त्याच्या मालकीचा नाही. कायदाही हेच सांगतो. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली नोंदलेल्या संस्थेला धर्मादाय आयुक्तांकडे हिशोब द्यावा लागतो. 'माझं काही नाही, मी फक्त सांभाळतोय' ही गीतेची भावना इथे रजिस्टरमध्ये उतरते!

पण हिशोब चोख असला म्हणजे दान सात्त्विक झालं का? नाही. घेणारा ताठ उभा राहिला का, हे पाहावं लागतं. यासाठी रत्नागिरी जिल्ह्यातच तीन उदाहरणं आहेत.

पहिलं शिक्षणाचं. मुरूडच्या धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ साली पुण्यात विधवांसाठी आश्रम काढला. देवरुखच्या पार्वतीबाई आठवले तरुणपणी विधवा झाल्या, कर्व्यांच्या आधाराने शिकल्या आणि मग आश्रमाच्याच कामात उतरल्या. संस्थेसाठी गावोगाव निधी गोळा केला. १९१८ साली अमेरिकेला गेल्या, तिथे लोकांच्या घरी कामं करून राहिल्या आणि तिथूनही संस्थेसाठी मदत आणली. आधार घेणारी बाई संस्थेचा आधार झाली. कर्व्यांनी १९०८ साली कार्यकर्त्यांसाठी जो मठ काढला, त्याचं नाव काय ठेवलं माहितीये? निष्काम कर्म मठ.

दुसरं निसर्गाचं. मंडणगड तालुक्यातल्या वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. ती अंडी चोरीला जायची. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ च्या सुमारास तिथे काम सुरू केलं. गावकऱ्यांना चोर ठरवून बाजूला सारलं नाही, त्यांनाच राखणदार केलं. पुढे कासव महोत्सव सुरू झाला, पाहुणे गावातल्या घरी उतरू लागले आणि चार पैसे गावातच राहू लागले.

तिसरं वंचितांचं. रत्नागिरीचे भागोजीशेठ कीर गरिबीतून वर आले, मुंबईत मोठे कंत्राटदार झाले. सगळ्या जातींना खुलं असलेलं रत्नागिरीचं पतितपावन मंदिर त्यांच्या पैशातून १९३१ साली उभं राहिलं. ज्यांना आजवर देवळाबाहेरूनच हात जोडावे लागत, त्यांना तिथे उपकार म्हणून नाही, हक्काने आत जाता आलं.

इथे एक शंका येईल. घेणाऱ्याने पुढे देणारा व्हावं असं वाटणं, हीसुद्धा फळाची आशाच नाही का? मग ते राजस झालं!

शंका बरोबर आहे. 'आम्ही तुला शिकवलं, आता तू आमच्यासाठी राब' असं म्हणणारा ट्रस्ट सावकारच. फरक असा, की सात्त्विक दान दार उघडं ठेवतं, कर्ज मागे ठेवत नाही. पार्वतीबाईंना देणारं होता आलं, कारण त्यांना तशी जागा मिळाली. पण अंथरुणाला खिळलेला म्हातारा उद्या काय देणार? काहीच नाही. म्हणून त्याचा मान कमी होत नाही. उलट परतफेड न करू शकणारा म्हणून गीतेने ज्याला पुढे ठेवलं, तो हाच. दादरला शिवाजी पार्कजवळच्या स्मशानभूमीला भागोजी कीर यांचं नाव आहे, कारण ती त्यांच्या दानातून झाली. तिथे येणारा आभारसुद्धा मानू शकत नाही. याहून 'अनुपकारी' कोण असणार?

तर पात्र कोण, हे ठरवायची आपली घाई थोडी कमी करूया. पात्र म्हणजे भांडंही. भरल्यावर ते पुढे कुणाची तहान भागवेल, ते त्याचं त्याच्यापाशी. आपण ओतताना ते लवंडू नये, इतकंच आपल्या हातात आहे.

आजचा संकल्प: या महिन्यात जिथे काही द्याल, त्या संस्थेला दोन गोष्टी विचारा. गेल्या वर्षीचा ताळेबंद बघायला मिळेल का? आणि तुमच्याकडे येणाऱ्या माणसाला निर्णयात काही जागा आहे का? उत्तर मिळालं, मनाला पटलं, की द्या. आणि दिल्यावर विसरा.

राम कृष्ण हरी!