मिटलेली द्वारे

रोमचा सम्राट नीरो याने इ. स. ६५ च्या सुमारास तांब्या-पितळेच्या नाण्यांवर जेनस देवाच्या मंदिराची मिटलेली द्वारे उमटविली. युद्धकाळी ती उघडी, शांतिकाळी बंद, अशी तेथील रीत. आम्ही पुजाऱ्याच्या घरचे. मिटलेले देवद्वार म्हणजे आम्हांस ग्रहणकाळच आठवतो! सन ६६ मध्ये यहुद्यांचे बंड पेटले. मग राजाने ठसा मारल्याने शांती नांदते काय?

आपल्या भीमातीरी सन्नतीस चंद्रलांबेच्या आवारातील कालीमंदिराचे छत १९८६ साली कोसळले, तेव्हा मूर्तीखालच्या शिळेवर अशोकाचा लेख आढळला. परपंथाचाही मान राखावा, असा त्यातील एक उपदेश. मूर्ती बसविणाऱ्यांनी त्या अक्षरांतूनच आरपार छिद्र पाडले होते. पाडणाऱ्यांस आम्ही दोष देत नाही. ती लिपी वाचणार कोण? त्या शिळेने मात्र परपंथाच्या देवीचा भार निमूटपणे वाहिला.