तिसरी रांग

रविवारची मिस्सा आटोपल्यावर अधूनमधून चर्चच्या पटांगणात झेंडूची माळ घातलेली एखादी नवी गाडी उभी असते. मग पवित्र पाणी आणि विधीचे पुस्तक घेऊन मी बाहेर येतो. वाहनाला आशीर्वाद देण्याची जी जुनी प्रार्थना रोमन विधिग्रंथात आहे, तिच्यात प्रेषितांच्या कृत्यांतील एका प्रसंगाची आठवण केलेली आहे. इथिओपियाचा एक अधिकारी रथात बसून यशया संदेष्ट्याचा ग्रंथ वाचत चालला होता. वाचलेले त्याला उमगत नव्हते. तेव्हा रस्त्याने धावत आलेल्या फिलिपला त्याने रथात चढून आपल्याजवळ बसण्याची विनंती केली. प्रार्थनेचा रोख फिलिपने त्याला दिलेल्या विश्वासाच्या दानावर आहे. माझे मन मात्र प्रत्येक वेळी त्या बसण्याच्या जागेपाशीच घुटमळते.

२०२२ च्या मे महिन्यात आमच्या धर्मग्रामातील एका कुटुंबाने अशीच गाडी आणली. तीन रांगांची, सात आसनांची, उंच आणि ऐटदार. आजकाल तिला क्रॉसओव्हर किंवा एसयूव्ही म्हणतात. कुटुंबप्रमुख हात जोडून म्हणाले, "फादर, खास आईसाठी घेतली. आता कुठे जायचे झाले तर कोणाला घरी ठेवायला नको." मी पुढच्या दारापासून मागच्या दारापर्यंत पाणी शिंपडले आणि त्यांच्या मातृभक्तीचे मनोमन कौतुक केले.

त्याच वर्षी नाताळच्या सुटीत त्यांनी मला आग्रहाने पूर्णगडला नेले. आजींचे यजमान फार वर्षांपूर्वी पूर्णगडच्या बंदरावर नोकरीला होते. लग्नानंतरची पहिली काही वर्षे आजींनी त्या खाडीकाठी काढली होती. 'एकदा मुचकुंदीची खाडी पाहू द्या,' एवढीच त्यांची इच्छा होती. रत्नागिरीहून भाट्ये, गोळप, पावस असा तो रस्ता. अंतर फारसे नाही. पण सड्यावर चढायचे, पुन्हा उतरायचे, आणि वळणे किती ती मोजू नयेत.

गाडीपाशी आलो तेव्हा जागा ठरल्याच होत्या. चिरंजीव चालवणार. "फादर, तुम्ही पुढे बसा." मधल्या रांगेत सूनबाई, मांडीवर धाकटे बाळ, आणि आखातातून सुटीवर आलेले नणंद-नंदावा. तिसऱ्या रांगेत चाकणच्या एका सुट्या भागांच्या कारखान्यात इंजिनिअर असलेला थोरला नातू आणि त्याच्याशेजारी आजी. सहल आजींची, तिसरी रांगही आजींचीच. मला त्या वेळी त्यात काहीही वावगे वाटले नाही, हे आधीच कबूल करतो.

पावस सोडल्यावर मागून नातवाचा आवाज आला, "पप्पा, थांबा. आजीला गाडी लागली."

आता खाली उतरणे सोपे नव्हते. तिसऱ्या रांगेला स्वतःचे दार नसते. आधी नंदावा उतरले, मग नणंदबाई, मग मधले आसन पुढे लोटून उभे केले, आणि त्या फटीतून शहात्तर वर्षांची बाई उलट्या पावलांनी, नातवाचा हात धरून, कशीबशी बाहेर आली. तोवर व्हायचे ते पदरात होऊन गेले होते. त्या माझी क्षमा मागत होत्या! "फादर, तुमचा खोळंबा झाला." सूनबाईंनी पाण्याची बाटली दिली आणि अगदी निर्मळ मनाने म्हणाल्या, "म्हणूनच आम्ही सप्टेंबरात मोत माउलीच्या यात्रेला त्यांना नेले नाही. आणि तेव्हा सामानही फार होते, मागची सीट पाडावी लागली होती."

'मागची सीट पाडावी लागली' हे शब्द माझ्या मनातून अजून गेलेले नाहीत.

पूर्णगडला पोचल्यावर किल्ल्याच्या जांभ्या दगडाच्या तटाशी सावलीत बसलो असता मी त्या इंजिनिअर नातवाला विचारले की, ही मागची जागा अशी का असते? त्याने वाळक्या काडीने मातीत गाडी काढून दाखवली. मागच्या चाकांची कमान, आस आणि हिसके शोषणारी यंत्रणा यांच्यावर तिसरी रांग येते, म्हणून तेथील तळ उंच होतो. छप्पर मात्र मागे उतरत जाते. तळ उंच आणि बैठक बुटकी, म्हणून गुडघे छातीपाशी येतात. मधली माणसे आसाच्या पुढे बसतात, मागची जवळजवळ आसावरच किंवा त्याच्याही मागे. त्यामुळे खड्डा आला की झोपाळ्याच्या फळीच्या टोकावर बसल्यासारखे होते. समोर पाठी, बाजूला लहानशी काच. डोळ्यांना रस्ता दिसत नाही आणि शरीराला वळण कळते, तेव्हा पोट ढवळते.

"मग गाडी लांब का करत नाहीत?" मी विचारले. तो हसला. लांबी वाढली की वजन वाढते, किंमत वाढते, गाडी शहरातल्या इमारतीखाली मावत नाही आणि कोकणातल्या अरुंद वळणावर फिरत नाही. त्याने २०२१ साली आलेल्या नव्या सफारीचे उदाहरण दिले. तिचा सांगाडा दोन रांगांच्या हॅरिअरचाच. चाकांमधले अंतर दोन्हींत तेच, २७४१ मिलिमीटर. तिसरी रांग बसवताना लांबी ६३ मिलिमीटरने वाढवली आणि मागचे छप्पर उचलले. ६३ मिलिमीटर म्हणजे पुरती चार बोटेदेखील नव्हेत. एवढ्या वाढीत दोन माणसांची सोय करणे हे कारागिरीचे मोठेच काम म्हणायचे. त्याच वर्षीच्या एक्सयूव्ही ७०० मध्ये ते अंतर २७५० आहे. म्हणजे ही अडचण एका कारखान्याची नाही, त्या मापाचीच आहे. काही गाड्यांत मधली रांग पुढे सरकते, काहींत मध्ये दोन सुटी आसने ठेवून मागे जाण्यास वाट करतात. त्यात एक माणूस कमी होतो, एवढेच.

ही रांग आली कोठून, हेही पाहण्याजोगे आहे. १९४७ साली महिंद्रांनी मुंबईत जीप जुळवण्यास आरंभ केला. त्या सैनिकी गाडीच्या लांबवलेल्या भावंडांत मागे दोन आडवी बाकडी असत. आमच्या तरुणपणी ट्रॅक्समधून आणि कमांडरमधून आम्ही याच बाकड्यांवर बसून लग्नांना गेलो. १९९४ साली पुण्याच्या टेल्कोची सुमो आली. सुमंत मूळगावकर या थोर मराठी उद्योगधुरिणाच्या नावाची आद्याक्षरे तिने मिरवली. तिच्यातही मागे समोरासमोर बसण्याची सोय होती. गुडघ्याला गुडघा लागे, पण बोलणे होई. धडकेच्या दृष्टीने ती बैठक वाईटच. पुढे २००२ मध्ये स्कॉर्पिओ आली आणि २०११ मध्ये एक्सयूव्ही ५००. हिच्यात चौकटीवर डबा बसवण्याची जुनी रीत सोडून मोटारीसारखे एकसंध कवच वापरले होते. ट्रकच्या कुळातील वाहन असे हळूहळू घरगुती मोटारीच्या कुळात आले. एकत्र कुटुंब मोडत चालले असताना त्याला एकत्र नेणारी गाडी घरोघरी हवीशी वाटू लागली, हा योगायोग मला विचार करण्याजोगा वाटतो.

नातवाने आणखी एक गोष्ट सांगितली, ती मात्र मला बोचली. हल्ली धडक-चाचणीत गाडीला तारे देतात. २०२३ च्या ऑक्टोबरपासून आपल्या देशाचीही अशी योजना सुरू झाली; तो बोलत होता तेव्हा परदेशी संस्थेचे तारे चालत. ताशी ६४ किलोमीटर वेगाने गाडी अडथळ्यावर आदळवतात. पुढच्या दोन आसनांवर मोठी दोन बाहुली, आणि त्यांच्या मागे दीड व तीन वर्षांच्या मुलांची दोन. तिसऱ्या रांगेत कोणी नसते. म्हणजे ज्या पाच ताऱ्यांच्या भरवशावर आपण गाडी घेतो, ते मोजताना आजीच्या जागी कोणाला बसवलेलेच नव्हते. आजींचा पट्टा आम्ही निघताना शोधला होता का? नव्हता शोधला. त्याचे टोक गादीच्या फटीत गडप झाले होते. तेव्हा सायरस मिस्त्री यांचा अपघात होऊन चार महिनेही झाले नव्हते. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर ती मोटार आदळली. पुढे बसलेली दोघे वाचली, मागची दोघे गेली. मागच्यांनी पट्टे लावले नव्हते, हे सर्वांनी वाचले होते. मीही वाचले होते. आणि पुढच्या आसनावर बसताच माझा पट्टा मात्र मी सवयीने लावला.

मोठी गाडी घेणे वाईट, असे मला म्हणायचे नाही. व्हॅटिकनने २००७ साली वाहनचालकांसाठी जी दहा वचने दिली, त्यांत गाडीने सत्ता गाजवू नये असे बजावले आहे. परंतु कुटुंबाने एकत्र प्रवास करावा यासाठी घेतलेल्या गाडीला ते लागू करणे अन्यायाचे होईल. प्रश्न वेगळा आहे. कोणाला सोबत न्यायचे हे ठरल्यावर त्याला कोठे बसवायचे, हे आपण कोणत्या मापाने ठरवतो?

संत थॉमस अक्वायनस यांनी वाटपाच्या न्यायाचा विचार करताना त्याच्या विरुद्ध असलेल्या एका पापाचा स्वतंत्र विचार केला आहे: माणसाचे तोंड पाहून देणे. त्यांची कसोटी साधी आहे. जी वस्तू वाटायची, तिच्याशी ज्या गुणाचा संबंध आहे तो गुण पाहून दिले, तर न्याय झाला. विद्येसाठी एखाद्याला अध्यापकाचे पद दिले तर योग्य; तो अमुक एक आहे म्हणून दिले तर पाप. अधिकाऱ्यांना आणि वृद्धांना मान देण्यास मात्र थॉमस यांची हरकत नाही, कारण तो मान त्यांच्या पदाला किंवा वयाला असतो. म्हणजे धर्मगुरूला पुढे बसवण्यात दोष नाही, असे कोणी म्हणेल. मीही काही काळ स्वतःचे असेच समाधान करून पाहिले. पण गाडीत वाटायचे असते ते काय? मान की गुडघ्यांना जागा? मान द्यायचा तर प्रार्थनेच्या वेळी द्यावा, जेवणाच्या वेळी द्यावा. गुडघ्यांची जागा वाटताना गुडघ्यांची अवस्थाच पाहिली पाहिजे. माझे गुडघे पंचावन्न वर्षांचे आहेत, आजींचे शहात्तर वर्षांचे होते.

जॉन रॉल्स या अमेरिकन विचारवंताने १९७१ साली सुचवले की, समाजाचे नियम करताना आपण त्यात कोणत्या जागी असू हे ठाऊक नाही असे धरून चालावे. गाडी आखणाऱ्याला हा विचार उपयोगी पडेल. घरात त्याचा उपयोग कमी, कारण घरात कोण कोठे बसणार हे सर्वांना पुरेपूर ठाऊक असते. जो तक्रार करीत नाही तो मागे जातो. आणि गरीब पाहुण्याला पायांशी बसायला सांगणाऱ्या मंडळीला याकोबाने आपल्या पत्रात जो दोष दिला, तो आपण परक्यांच्या बाबतीतलाच समजतो. स्वतःची आई त्यात बसते असे मनात येत नाही.

याहून अवघड आहे ती दुमडण्याची गोष्ट. तिन्ही रांगा उभ्या असल्या की सामानाला दोन पिशव्यांपुरतीच जागा उरते, म्हणून तिसरी रांग दुमडण्याची सोय केलेली असते. चालकाचे आसन दुमडून सपाट करीत नाहीत. मधले क्वचित दुमडतात. प्रत्येक प्रवासाच्या सकाळी माणूस की बॅगा, असा प्रश्न नकळत विचारला जातो तो फक्त शेवटच्या रांगेला. यात कोणाचाही दुष्टपणा नाही. त्या सूनबाई आजींची सेवा मनापासून करतात, मी डोळ्यांनी पाहिले आहे. पण जी जागा सामान पाहून मिळते ती दिली असे म्हणावे का, याचे उत्तर मला अजून सापडलेले नाही. आणि दोषच काढायचा तर आधी माझा. २८ ऑगस्टच्या रविवारी, म्हणजे मोत माउलीच्या यात्रेच्या दोन आठवडे अगोदर, लूकच्या शुभवर्तमानातील मेजवानीच्या दृष्टान्तावर मी प्रवचन केले होते. आमंत्रण आले तर शेवटच्या जागी जाऊन बसावे, हे मी चांगले पंधरा मिनिटे समजावून सांगितले. डिसेंबरात मला आमंत्रण आले, आणि मी दार उघडून पुढे बसलो.

परतताना मी मागे बसतो म्हणालो. बराच वाद झाला. "फादर, हे बरे दिसत नाही," असे आजीच म्हणाल्या. शेवटी नातवाने त्यांना उचलल्यासारखे करून पुढे बसवले आणि पट्टा लावला. मी मधले आसन लोटून आत शिरलो. डोके छताला लागले. वाऱ्याचे छिद्र होते, पण त्याचा वारा माझ्या खांद्यापर्यंतच येई. चिरंजीवांनी गाडी लगेच पावसकडे न वळवता मुचकुंदीवरच्या पुलावर नेली आणि गावखडीच्या टोकाला जरा उभी केली. भरती होती. आजी हात दाखवून काही सांगू लागल्या. घर कोठे होते, मचवे कोठे लागत, यजमान कोणत्या वाटेने वर येत, असे काहीसे असावे. पुढचे सगळे हसत होते, मध्येच गप्प होत होते. मला मागे अर्धेअधिक ऐकू आले नाही. दोनदा मी "काय म्हणाल्या?" असे विचारले. मधल्या रांगेतून मला थोडक्यात सांगण्यात आले.

त्यानंतर बरेच दिवस मिस्सा झाल्यावर त्या गाडीच्या मागच्या काचेतून वाकून पाहण्याची मला खोड लागली. अलीकडे पाहिले तेव्हा तिसरी रांग दुमडलेलीच होती आणि तिच्यावर तांदळाचे पोते व बाळाची घडीची गाडी होती. आजी मधल्या रांगेत, खिडकीशी बसल्या होत्या. काच खाली करून त्यांनी मला विचारले, "फादर, काही हरवले का?"