आरोपीच्या बाजूला बसलेला विद्यार्थी

वॉशिंग्टन शहरात पब्लिक डिफेंडर सर्व्हिस हे सरकारी पैशावर चालणारं कार्यालय आहे. ज्यांना वकील परवडत नाही अशा आरोपींचे खटले तिथले वकील लढवतात. त्यांच्या हाताखाली विद्यार्थी इंटर्न म्हणून राबतात, आणि त्यातल्या अनेकांचं पहिलं काम ग्रंथालयात नसतं, रस्त्यावर असतं. जोडीनं घटनास्थळी जायचं, फोटो काढायचे, शेजारपाजारी चौकशी करायची, साक्षीदाराचा जबाब लिहून त्यावर त्याची सही घ्यायची. तो म्हणतो त्या खिडकीतून रात्री समोरच्याचा चेहरा खरंच दिसतो, की मध्ये झाड येतं? हे बघायला वकील एकटा गेला आणि साक्षीदारानं पुढं शब्द फिरवला, तर वकिलालाच साक्षीदार व्हावं लागेल. मग खटला लढवणार कोण?

या मुलांना घरचे-दारचे एकच प्रश्न विचारतात: त्यानं खरंच केलं असेल तर? प्रश्न कायद्याचा वाटतो, पण मुळात तो धर्माचा आहे. अपराध्याची बाजू घेणारा त्याच्या पापाचा वाटेकरी होतो का?

आपल्या धर्मशास्त्रात याबाबत कडक भूमिका सापडते. इतर वादांत प्रतिनिधी चालेल, पण मनुष्यवध, चोरी, राजद्रोह अशा आरोपांत आरोपीनं स्वतःच बोलावं, असं कात्यायन सांगतो. (त्याचे विखुरलेले श्लोक गोळा करणारे पां. वा. काणे स्वतः मुंबई हायकोर्टात वकिली करत, हा योगायोग मजेशीर आहे.) इंग्लंडही फार पुढं नव्हतं. गंभीर गुन्ह्यांतल्या आरोपींना वकिलामार्फत पूर्ण बचाव करण्याची मुभा तिथं 1836 साली मिळाली. खऱ्याला वकील कशाला, सत्य आपोआप बाहेर येतं, ही श्रद्धा दोन्हीकडं होती.

फ्लोरिडातल्या क्लॅरेन्स गिडियननं ती खोटी ठरवली. पूल हॉल फोडल्याच्या आरोपावरून 1961 मध्ये त्याच्यावर खटला चालला. वकील मागूनही मिळाला नाही, म्हणून तो स्वतःच बोलला आणि पाच वर्षांची शिक्षा घेऊन बसला. तुरुंगातून त्यानं पेन्सिलीनं लिहिलेल्या अर्जावर 18 मार्च 1963 रोजी अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं निकाल दिला: अशा आरोपीला वकील देणं राज्याला बंधनकारक आहे. फेरखटल्यात तोच माणूस होता, तोच आरोप, तोच न्यायाधीशही. फक्त या वेळी शेजारी वकील होता. ज्यूरीनं त्याला निर्दोष सोडलं.

याच्या कितीतरी शतकं आधी, इसवी सन 200च्या सुमारास संकलित झालेल्या ज्यूंच्या मिश्ना ग्रंथात, सान्हेद्रिन या न्यायसभेच्या प्रकरणात एक विलक्षण नियम आहे. देहदंडाच्या खटल्यात न्यायाधीशांसमोर शिष्य तीन रांगांत बसत. आरोपीविरुद्ध मला काही सांगायचंय, असं एखादा शिष्य म्हणाला तर त्याला गप्प करत. आरोपीच्या बाजूनं सांगायचंय म्हणाला, तर त्याला वर न्यायाधीशांमध्ये नेऊन बसवत आणि दिवसभर खाली उतरवत नसत. हा पक्षपात उघड आहे आणि तो हेतुपुरस्सर आहे. कोणाचा जीव घ्यायचा तर नवशिक्याचं मत पुरत नाही. वाचवायचा असेल तर त्याची शंकाही मोलाची ठरते. बचावाच्या कार्यालयात विद्यार्थ्याचं काय काम, याचं इतकं नेमकं उत्तर दुसरीकडं क्वचितच मिळेल.

तरी एक अडचण उरतेच. मिश्नातला शिष्य सांगण्यासारखं काही असलं तरच उठतो. डिफेंडरच्या इंटर्नला ती चैन नाही. अमेरिकेत बहुतांश शिक्षा आरोपीच्या कबुलीतून होतात. मग इंटर्न शाळेचे दाखले शोधतो, दवाखान्याचे कागद मिळवतो, आईला जुन्या गोष्टी विचारतो, शिक्षा कमी व्हावी म्हणून. इथं निर्दोषत्वाचा दावाच नाही. बायबलच्या उत्पत्तीच्या पुस्तकात अब्राहमही सदोम निष्पाप आहे असं म्हणत नाही. तो देवाशी घासाघीस करतो, पन्नास सज्जनांपासून दहापर्यंत आकडा खाली आणतो. शहर शेवटी जळतंच, पण म्हणून त्याचं बोलणं कोणी पाप ठरवलेलं नाही.

वॉशिंग्टनच्या त्या कार्यालयाच्या पहिल्या संचालक बार्बरा बॅबकॉक यांनी 1983च्या एका लेखात अपराध्यांचा बचाव करण्याची कारणं मांडली. त्यांत राज्यघटना आहे, माणुसकी आहे आणि अहंकारही आहे: सगळं विरुद्ध असताना जिंकण्याची नशा. ही कबुली प्रामाणिक वाटते. पुण्य कमवायला आलेला इंटर्न पहिल्या उद्धट अशिलापाशीच खचण्याची शक्यता जास्त.

कॅलिफोर्नियात अधिकृत परवानगी मिळालेला विद्यार्थी वकिलाच्या देखरेखीखाली कोर्टात उभा राहू शकतो. आपल्याकडं 2022 पासून राबवलेल्या योजनेत जिल्ह्याजिल्ह्यांत लोकअभिरक्षक कार्यालयं आली, पण सनद नसलेल्या विद्यार्थ्याला युक्तिवाद करता येत नाही. त्याच्या वाट्याला फायली वाचणं येतं, आणि वकिलासोबत तुरुंगात गेलं की कच्च्या कैद्याचा ठरलेला प्रश्न: पुढची तारीख कधी?