वाचवावे, पण ठेवून घेऊ नये

गॅलरीत पाखरू पडलेले दिसले की घरातले सगळे धावतात आणि पहिल्यांदा वाटी शोधतात. कोणी पाणी आणते, कोणी दूध, कोणी पोळीचा तुकडा कुस्करते. पाखराला उचलून, चोच फाकवून दोन थेंब घशात सोडले की सगळ्यांना हायसे वाटते. या धावपळीमागची माया खरी असते, तिच्याबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. पण जखमेतून वाचू शकले असते असे पाखरू या दोन थेंबांनी दगावू शकते. म्हणून या मायेबद्दल थोडे परखडपणे बोलायला हवे. रानपाखराला मदत करायची तर तीन गोष्टी लागतात: त्याच्या देहाची माहिती, मदत हवी की नको हे ठरवण्याचा विवेक, आणि काम झाल्यावर बाजूला होण्याची तयारी. तिसरी गोष्ट सगळ्यांत अवघड आहे.

आधी देहाचे पाहू. पक्ष्याच्या श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या बुडाशीच असते. जबरदस्तीने ओतलेले पाणी त्यामुळे सहज फुप्फुसात उतरते. धक्क्यात असलेल्या पक्ष्याला तर गिळण्याचेही भान नसते. दूध हे सस्तन प्राण्यांच्या पिल्लांचे अन्न, पक्ष्यांना ते पचत नाही. मुठीत घट्ट धरणेही तितकेच घातक, कारण पक्ष्याला आपल्यासारखे श्वासपटल नसते. त्याच्या छातीचे हाड हलते तेव्हाच हवा आतबाहेर होते. ते हाड दाबले गेले की पाखरू आपल्या प्रेमळ मुठीतच गुदमरते. आणि हातात निमूट बसलेले पाखरू पाहून ‘बघा, कसे ओळखीचे झाले’ असे आपण म्हणतो, तेव्हा बहुधा ते भीतीने थिजलेले असते. त्याच्या दृष्टीने आपण शिकारी असतो. त्याला कुरवाळणे, मुलांच्या हाती देणे, त्याच्याबरोबर फोटो काढणे यातून त्याला दिलासा मिळत नाही, त्याची भीती लांबते.

करायचे असते ते फार थोडे. पुठ्ठ्याचे खोके घ्यावे, त्याला हवेसाठी भोके पाडावीत, तळाशी सुती कापड अंथरावे. पाखरावर हलकेच दुसरे कापड टाकावे, पंख अंगाशी मिटतील असे धरून त्याला आत ठेवावे आणि झाकण लावावे. खोके उबदार, शांत जागी, मांजर आणि पंखा दोन्हींपासून दूर ठेवावे. पक्ष्याच्या अंगाचे तापमान सुमारे ४० अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त असते. गारठलेल्या पिल्लाला अन्नाआधी ऊब लागते. अंधारात त्याची भीती ओसरते. काचेवर आपटून भोवंडलेले पाखरू पुष्कळदा तास-दोन तासांत खोक्यातच सावरते आणि उघड्यावर नेऊन झाकण काढले की उडून जाते. आपले हात साबणाने धुवावेत. आजूबाजूला कावळे किंवा कोंबड्या मरत असतील तर पाखराला हात लावण्याआधी पशुवैद्यकीय खात्याला कळवावे. २०२१च्या जानेवारीत परभणी जिल्ह्यात बर्ड फ्लू आला होता, हे विसरून चालणार नाही.

पण खोके आणण्याच्याही आधी एक प्रश्न विचारायला हवा: या पाखराला खरोखर मदत हवी आहे का? मे महिन्यात ‘अनाथ’ म्हणून उचलली जाणारी पुष्कळशी पिल्ले अनाथ नसतातच. लालबुड्या बुलबुलाचे पिल्लू साधारण दोन आठवड्यांचे होते न होते तोच घरटे सोडते, तेव्हा त्याला धड उडताही येत नाही. कुंडीमागे दबून बसलेले असे पिल्लू मी आमच्या गॅलरीत जवळून पाहिले आहे. अंगावर पिसे आलेली, शेपटी मात्र बोटाच्या पेराएवढी. चोचीच्या कडा अजून पिवळसर. पंख फडफडवून ते वीतभर उडे आणि पुन्हा फरशीवर बसे. समोरच्या तारेवर त्याचे आईबाप चोचीत अळी धरून कल्ला करत होते. माणूस दारात उभा होता तोवर त्यांची खाली उतरायची छाती नव्हती. दार लावून आत गेल्यावर जाळीतून पाहिले, तर एकजण कठड्यावर आला, मग कुंडीवर, आणि पिल्लाच्या वासलेल्या चोचीत अळी कोंबून भुर्रकन निघून गेला. त्या पिल्लाला वाचवण्यासाठी लागले ते एवढेच, की माणसांनी दारातून हटावे.

अशा वेळी आपण पिल्लू उचलून घरात आणतो तेव्हा त्याला अनाथ करणारे आपणच असतो. डोळे न उघडलेले, बिनपिसांचे पिल्लू खाली पडले असेल तर गोष्ट वेगळी. ते परत घरट्यात ठेवावे. घरटेच मोडले असेल तर करवंटीत किंवा लहान टोपलीत गवत घालून ती त्याच झाडाला बांधावी. माणसाचा हात लागला की पक्षी पिल्लाला टाकून देतात, ही समजूत आपल्याकडे घराघरांत आहे आणि ती चुकीची आहे. आपण पुरेसे दूर गेलो की आईबाप परततात.

इथे एक आक्षेप हमखास येतो. निसर्गात रोज हजारो पाखरे मरतात, मग एका चिमणीसाठी एवढा खटाटोप कशाला? निसर्गाला त्याच्या वाटेने जाऊ द्यावे. हा आक्षेप अर्धा खरा आहे. शिक्र्याने होला पकडला तर तो सोडवायला धावणे हा शिक्र्यावर अन्याय आहे, त्याच्याही घरट्यात पिल्ले असतात. कावळ्याच्या घरट्यात वाढणाऱ्या कोकिळेच्या पिल्लाला बाहेर काढून ‘न्याय’ करण्याचा अधिकार आपल्याला नाही. पण शहरातल्या घरात सापडणाऱ्या किती पाखरांना निसर्गाने जखमी केलेले असते? काचेच्या भिंतीत झाडाचे प्रतिबिंब पाहून तांबट तिच्यावर आदळतो, ती काच आपण लावलेली असते. घारीच्या पंखाची कातडी आणि स्नायू कापणारा मांजा आपल्या पतंगाचा असतो. दयाळाला पंजा मारणारे मांजर आपण पाळलेले किंवा आपल्या उष्ट्यावर वाढलेले असते. बगळ्यांची आणि रातबगळ्यांची पिल्ले झाडावरून खाली पडतात, कारण ऐन विणीच्या हंगामात फांद्या छाटायचा आदेश आपल्याच सोसायटीने काढलेला असतो. ‘निसर्गाला त्याच्या वाटेने जाऊ द्या’ हे वाक्य इथे लागू पडत नाही. मदत करायची की नाही याची कसोटी पाखराच्या जखमेत आहे. जखम माणसाची असेल तर उपचारही माणसाकडे लागतो, आणि तो दयेपोटी देण्याचा नाही, देणे म्हणून फेडण्याचा आहे.

काही पाखरे या दोहोंच्या सीमेवर असतात. नवरंग हा पक्षी दक्षिण भारतातून आणि श्रीलंकेतून पावसाळ्याच्या तोंडाशी उत्तरेकडे येतो, रात्री प्रवास करतो, आणि मेअखेर-जूनमध्ये मुंबई-पुण्यातल्या इमारतींत थकून पडलेला सापडतो. प्रवासाचा थकवा नैसर्गिक आहे, पण दिव्यांनी उजळलेल्या रात्री आणि काचेच्या भिंती नाहीत. पाकोळीचे पाय इतके आखूड असतात की सपाट जमिनीवर उतरली की तिला पुन्हा उडणे जड जाते. जखम नसेल तर तिला उंचावर, उघड्या तळहातावर धरायचे आणि तिचे तिला उडू द्यायचे. हवेत फेकायचे मात्र नाही. मांजराने धरलेल्या पाखराच्या बाबतीत ‘रक्त दिसत नाही, म्हणजे ठीक आहे’ असे म्हणू नये. मांजराच्या तोंडातले जिवाणू सुईएवढ्या छिद्रातूनही रक्तात जातात. वेळेत प्रतिजैविक मिळाले नाही तर असे पाखरू एक-दोन दिवसांत जाते. प्रत्येक जातीला, प्रत्येक जखमेला वेगळी वागणूक लागते. ‘मला प्राण्यांची आवड आहे’ एवढ्याने भागत नाही.

आता त्या तिसऱ्या, अवघड गोष्टीकडे येतो. सिद्धार्थ आणि देवदत्त यांची गोष्ट आपण सगळे शाळेत ऐकतो. बाण लागलेला हंस सिद्धार्थ वाचवतो, देवदत्त त्यावर हक्क सांगतो, आणि मारणाऱ्यापेक्षा वाचवणाऱ्याचा हक्क मोठा असा निवाडा होतो. हिंसेसमोर करुणा ठेवणारी ही गोष्ट थोर आहे. पण आपल्या मनात तिचा एक वेगळाच अर्थ घर करून बसला आहे: वाचवले ते माझे झाले. घरट्यातून पडले म्हणून आणलेले पोपटाचे पिल्लू बरे होते, नाव लावून हाक मारली की खांद्यावर येऊन बसते, आणि मग पिंजऱ्यात जन्मभर राहते. ‘बाहेर सोडले तर कावळे मारतील’ असे म्हणणाऱ्याला खरोखरच तसे वाटत असते. परिणाम मात्र एकच: एक रानपाखरू रानातून कायमचे वजा होते.

१९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हा मालकीचा प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवला. सापडलेला वन्यप्राणी त्या कायद्याने सरकारची मालमत्ता ठरतो, आणि तो ताब्यात आल्यापासून ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्याला किंवा अधिकृत वनाधिकाऱ्याला कळवावे लागते. ‘मालमत्ता’ हा शब्द रुक्ष असला तरी त्यातला विचार मला पटतो. पाखरू वाचवणाऱ्याचे नाही आणि मारणाऱ्याचेही नाही. देशी पोपट पाळणे हा गुन्हा आहे, मग तो हौसेने विकत घेतलेला असो की दयेने उचललेला.

या कायद्याला विज्ञानाचाही आधार आहे. १९७३ साली नोबेल पारितोषिक मिळालेल्या कोनराड लोरेन्झ यांनी दाखवून दिले की अंड्यातून बाहेर येताच हंसाची पिल्ले ज्याला प्रथम पाहतात त्यालाच आई मानतात, मग तो माणूस का असेना. अगदी लहानपणी माणसाच्या हाताने वाढलेले घुबडाचे किंवा घारीचे पिल्लू आपण कोण हेच विसरू शकते. त्याला शिकार येत नाही, जोडीदार ओळखता येत नाही, माणसाची भीती वाटत नाही. आपल्याला जो लळा वाटतो, तो त्याच्या जगण्यातली सगळ्यांत मोठी उणीव ठरतो. म्हणून चांगल्या उपचार केंद्रांत पिल्लांशी बोलणे, त्यांना नावे देणे टाळतात, एकाच जातीची पिल्ले एकत्र वाढवतात. बाहेरून हे कोरडे वाटते. प्रत्यक्षात पाखराला पाखरूच राहू देण्यासाठी माणसाने स्वतःच्या मायेला घातलेला तो लगाम आहे.

माया आणि कौशल्य एकत्र आले की काय घडते, याचे उदाहरण दिल्लीच्या वजिराबादेत आहे. नदीम शहजाद आणि मोहम्मद सऊद हे भाऊ वर्षानुवर्षे मांजाने कापलेल्या घारींवर उपचार करत आले आहेत. शौनक सेन यांच्या ‘ऑल दॅट ब्रीद्स’ या २०२२च्या माहितीपटामुळे ते जगाला माहीत झाले. त्या माहितीपटात मन हलते ते जखमेला टाके घालणारे हात पाहून, आणि त्यांचा ध्यास आकाशात परत जाणाऱ्या घारीचा असतो.

महाराष्ट्रात काय सोय आहे? वनखात्याची १९२६ ही मदतवाहिनी आहे. परळचे बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय एकोणिसाव्या शतकापासून प्राण्यांवर उपचार करते. नागपूरच्या सेमिनरी हिल्सवर वनखात्याचे उपचार केंद्र आहे, पुण्यात कात्रजचे वन्यप्राणी अनाथालय आहे. पण ही नावे मोठ्या शहरांची आहेत. तालुक्याच्या गावी जखमी पिंगळा सापडला तर पशुवैद्यकीय दवाखान्यात गायी-म्हशींचे डॉक्टर असतात, आणि पक्ष्याला भूल किती द्यायची हे सांगणारे जवळ कोणी नसते. मग सगळा भार गावातल्या एखाद्या सर्पमित्रावर, पक्षीमित्रावर पडतो. तो स्वतःच्या पेट्रोलवर पाखरू घेऊन जिल्ह्याच्या गावी धावतो. राज्यात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह साजरा होतो, तो मारुती चितमपल्ली आणि सलीम अली यांच्या जन्मदिनांना जोडून. त्या आठवड्यात भाषणे आणि प्रदर्शने होतातच. त्याच आठवड्यात दर जिल्ह्यातल्या काही पशुवैद्यांना पक्षी-उपचाराचे प्रशिक्षण देता येईल, आणि प्रत्येक तालुका दवाखान्यात पक्ष्यांसाठी एक शांत, अंधारी खोली राखता येईल. एवढ्यासाठी फार मोठा निधी लागणार नाही.

आणि सगळे नीट करूनही उचललेल्यांतली बरीच पाखरे मरतात, हे मान्य केले पाहिजे. पंखाचे हाड सांध्यापाशी मोडले की पक्षी पुन्हा उडेलच असे नाही, आणि कधी पशुवैद्याला वेदना थांबवण्याचाच निर्णय घ्यावा लागतो. त्याने हळहळ वाटते, वाटायलाच हवी. पण ती हळहळ खोक्यापाशी थांबली तर ती वाया गेली.

राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ११ जुलै २०१७ रोजी नायलॉन मांज्यावर बंदी घातली, तरी दर संक्रांतीला घारी कापल्या जातात. सण सरला तरी झाडांवर गुंतलेला मांजा महिनोन्महिने पाखरे अडकवत राहतो. तेव्हा ज्याने एक पाखरू खोक्यात ठेवले, त्याने आपल्या सोसायटीच्या पुढच्या सभेत तीन ठराव मांडावेत. घरटी आहेत का हे पाहिल्याशिवाय फांदी छाटायची नाही. मोठ्या काचांवर बाहेरून पट्ट्या किंवा ठिपके लावायचे. संक्रांतीनंतरच्या रविवारी झाडांवरचा आणि तारांवरचा मांजा, वीज कंपनीच्या आणि अग्निशमन दलाच्या मदतीने, उतरवायचा. सभेत कोणी हसेल, कोणी खर्चाचा मुद्दा काढेल. तेव्हा ज्याने हातात धडधडणारे ते छोटे काळीज जवळून अनुभवले आहे, त्याच्या बोलण्याला वजन असेल. त्याने ते वजन तिथे वापरावे.