जीर्णोद्धाराचे वर्ष

फुटबॉल हा आपल्या पत्रिकेचा नेहमीचा विषय नव्हे, याची आम्हांस जाणीव आहे. संतवाङ्मय, नाट्यपरंपरा, देवस्थानांचा इतिहास यांची सवय असलेल्या वाचकांस हा विषय काहीसा उडाणटप्पू वाटेल. तरीही गोव्यात सारा जन्म काढलेल्या माणसाला फुटबॉल परका म्हणता येत नाही. शेत कापून झाले की त्याच शेतात चेंडू उडू लागतो, हे दृश्य आम्ही बालपणापासून पाहत आलो आहोत. शिवाय आज जो प्रश्न मांडावयाचा आहे तो मैदानावर सुचला असला, तरी तो मैदानापुरता राहिलेला नाही.

प्रसंग अगदी साधा. घराची रंगरंगोटी काढली म्हणून कपाटे रिकामी केली. तेव्हा आमच्या नातवाची एक जुनी वही हाती लागली. २०१७-१८ च्या हंगामात एफसी गोवा संघाचे सारे निकाल त्याने त्या वहीत वळणदार अक्षरात टिपून ठेवले होते. त्या वेळी तो दहा वर्षांचा होता, आता महाविद्यालयात जातो. शेवटच्या पानावर त्याने एक प्रश्न लिहिला होता आणि उत्तराची जागा कोरी सोडली होती: ‘हे वर्ष पास की नापास?’ वही पाहून तो हसला आणि म्हणाला, ‘‘आजोबा, याचं उत्तर तुम्ही मला तेव्हा दिलंच नाही.’’ खरेच दिले नव्हते. कारण ते आम्हांस ठाऊक नव्हते.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी सांगतो. २००६-०७ पासून २०१२-१३ पर्यंत सलग सात हंगाम देशाचे साखळी अजिंक्यपद धेंपो, चर्चिल ब्रदर्स आणि साळगावकर या गोव्याच्याच संघांकडे होते. पुढे २०१४ साली इंडियन सुपर लीग सुरू झाली आणि एफसी गोवा हा नवा संघ उभा राहिला. ब्राझीलचा थोर खेळाडू झिको त्याचा प्रशिक्षक होता. २० डिसेंबर २०१५ रोजी फातोर्ड्याच्या मैदानावर अंतिम सामना झाला. अगदी शेवटच्या मिनिटांपर्यंत आपला संघ २-१ असा पुढे होता आणि तरीही चेन्नईयिनने तो सामना ३-२ असा जिंकला. त्यानंतरचे २०१६ हे वर्ष तर पूर्ण पडझडीचे ठरले. चौदा सामन्यांत चार विजय, आठ पराभव, चौदा गुण आणि आठ संघांत आठवा क्रमांक. झिको गेले. २०१७ च्या मध्यास सर्जिओ लोबेरा हे स्पॅनिश प्रशिक्षक आले आणि संघ जवळजवळ नव्याने बांधावा लागला.

त्या पहिल्या वर्षाचा हिशेब नातवाच्या वहीत आहे. अठरा सामने, नऊ विजय, तीस गुण, दहा संघांत तिसरे स्थान. बेचाळीस गोल केले, इतके त्या वर्षी साखळीत कोणीच केले नव्हते. त्यांपैकी अठरा एकट्या कोरोमिनासचे. पण अठ्ठावीस गोल झेललेही. उपांत्य फेरीत चेन्नईयिनशी फातोर्ड्यास १-१ अशी बरोबरी आणि चेन्नईस ०-३ असा पराभव. चषक नाही, अंतिम सामनादेखील नाही. पास की नापास?

या प्रश्नाला दोन सोपी उत्तरे आहेत. पहिले व्यवहारी माणसाचे: चषक मिळाला तर यश, नाही तर अपयश. हे उत्तर स्वच्छ आहे, परंतु ते मान्य केल्यास दहापैकी नऊ संघ दर वर्षी सारखेच नापास ठरतात आणि दुसरा व दहावा यांत काही भेदच उरत नाही. दुसरे उत्तर सज्जन माणसाचे: प्रयत्न प्रामाणिक होता ना, मग झाले तर. हे कानाला गोड लागते. पण मग कोणीच कधी नापास होत नाही, आणि ज्या परीक्षेत कोणी नापास होऊच शकत नाही तिला परीक्षा म्हणत नाहीत.

आपल्याकडे देवळाचा जीर्णोद्धार होतो तेव्हा देवाला बालालयात हलवितात. मूळ वास्तू उतरविली जाते. दगड, वासे, कौले अंगणात पडलेली असतात. त्या वर्षी परगावाहून आलेला भाविक ती अवकळा पाहून खंतावतो. गावकरी मात्र खंतावत नाहीत, कारण पाया कुठवर आला हे त्यांना ठाऊक असते. बांधणीचे वर्ष हे असे असते. त्याचे मोल बाहेरून दिसणाऱ्या शोभेवरून ठरविले तर अन्याय होतो.

असा अन्याय आमच्या हातून एकदा घडला आहे. तो सांगितल्याशिवाय या लेखास काही अर्थ नाही.

आम्ही मामलेदार म्हणून एका तालुक्यात होतो. तेथे एक अव्वल कारकून नव्याने रुजू झाला. अभिलेखाच्या खोलीतील कपाटे त्याने उघडली, तेव्हा नोंदच न झालेले अर्ज गठ्ठ्यागठ्ठ्यांनी निघाले. कोणाच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर मयत बापाचेच नाव, कोणाची वाटणी अर्धवट. त्याने वर्षभर एकच काम केले. प्रत्येक अर्ज आवक नोंदवहीत चढविला, गावनिहाय लावला आणि त्यास क्रमांक दिला. परिणाम असा झाला की मार्चअखेरीस आमच्या कार्यालयाची प्रलंबित प्रकरणे कागदोपत्री जवळजवळ दीडपट झाली. अर्ज काही त्या वर्षी वाढले नव्हते. ते पूर्वीही होतेच, आता दिसू लागले इतकेच. वरून विचारणा झाली. आम्ही आकड्यांकडे पाहिले आणि त्याच्या गोपनीय अहवालात शेरा लिहिला: ‘कामाची गती साधारण.’ पुढल्या वर्षी त्याची बदली झाली. त्याच्या जागी आलेल्या गृहस्थाने त्याच लावलेल्या गठ्ठ्यांतून दुप्पट प्रकरणे निकालात काढली आणि आमच्याच लेखणीतून ‘उत्कृष्ट’ शेरा मिळविला. पहिल्याची बढती लांबली. निरोप घ्यावयास आला तेव्हा त्याने तक्रारीचा शब्दही काढला नाही. जाताना एवढेच म्हणाला, ‘‘साहेब, ती नोंदवही तेवढी जपा.’’ त्या वाक्याचा अर्थ आम्हांस फार उशिरा कळला.

तेव्हापासून एक गोष्ट मनाशी पक्की झाली. प्रामाणिक बांधणीच्या आरंभी आकडे अनेकदा बिघडलेलेच दिसतात. झाकलेले उघडे पडते म्हणून ते बिघडतात. जो केवळ आकडा पाहतो तो झाकणाऱ्याला बक्षीस देतो आणि उघडणाऱ्याला शिक्षा करतो.

तथापि या नाण्याची दुसरी बाजूही सरकारी नोकरीतच आम्ही पाहिली. ‘काम प्रगतिपथावर आहे’ या शब्दांच्या आडोशाला काही मंडळी निवृत्तीपर्यंत सुखाने बसली. बालालयात देव दहा वर्षे राहिला, तर त्यास जीर्णोद्धार म्हणत नाहीत. फुटबॉलमध्येही ‘आमचा संघ घडतो आहे’ ही सबब प्रत्येक पराभवावर पांघरूण म्हणून घालता येते. येथे कोणी गीतेचा आधार घेऊन म्हणेल की फळाकडे पाहूच नये. आमच्या अल्पमतीप्रमाणे फळाची आसक्ती सोडणे निराळे आणि फळाची तपासणी टाळणे निराळे. शेतकरी पिकाचा लोभ सोडू शकेल, पण कणसात दाणा भरला की नाही हे पाहणे त्याने सोडले तर त्यास निष्काम म्हणावयाचे की निष्काळजी?

मग कसोटी कोणती? आम्हांस असे वाटते की पहिली अट म्हणजे काय घडवावयाचे ते हंगामाच्या आरंभी ठरलेले हवे. निकाल लागल्यावर ठरविलेले उद्दिष्ट म्हणजे बाण जेथे रुतला तेथे वर्तुळ काढणे होय. दुसरे असे की पराभव किती झाले यापेक्षा तोच तो पराभव पुन्हा झाला का, हे पाहावे. चुका करणे हा बांधणीचा हक्क आहे. तीच चूक जपून ठेवणे हा मात्र नव्हे.

या दृष्टीने एफसी गोव्याचे पुढले वर्ष पाहण्याजोगे आहे. २०१८-१९ मध्ये अठरा सामन्यांत झेललेले गोल अठ्ठाविसावरून वीसवर आले. डाव्या बगलेवरून चढाई करणारा आपला गोमंतकीय मंदार राव देसाई बचावफळीत डावीकडे खेळू लागला. धावणाऱ्याने थोपविण्याचे काम शिकून घेतले. गुण चौतीस झाले आणि संघ अंतिम सामन्यात पोहोचला. १७ मार्च २०१९ रोजी मुंबईत बेंगळुरूने जादा वेळेतील एकमेव गोलवर तो सामना जिंकला. चषक पुन्हा हुकला. परंतु हा पराभव आदल्या वर्षीचा पराभव नव्हता. आदल्या वर्षी बचाव कोसळला होता, या वर्षी तो जवळजवळ दोन तास उभा राहिला. त्यानंतर एप्रिलमध्ये भुवनेश्वरास चेन्नईयिनलाच २-१ असे हरवून संघाने सुपर चषक घेतला. म्हणजे नातवाच्या प्रश्नाचे उत्तर त्या वहीत असणे शक्यच नव्हते. ते पुढल्या वर्षीच्या वहीत होते.

आणि तिसरी, आमच्या मते सर्वांत कठीण कसोटी: बांधणारा निघून गेल्यावर काय उरते? ३१ जानेवारी २०२० रोजी लोबेरा आणि क्लब यांची फारकत झाली. साखळीतील तीन सामने शिल्लक होते आणि संघ गुणतक्त्याच्या अग्रभागी होता. जबाबदारी क्लिफर्ड मिरांडा या गोव्याच्याच माजी खेळाडूकडे आली. अशा वेळी संघ विस्कटतात. हा विस्कटला नाही. हैदराबादवर ४-१, मुंबईवर ५-२, जमशेदपूरवर ५-० असे तिन्ही सामने त्याने जिंकले. एकोणचाळीस गुणांसह संघ साखळीत पहिला आला. साखळीविजेत्यांची ढाल त्याच वर्षी प्रथम दिली गेली, ती गोव्याला मिळाली. आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटफेरीत थेट प्रवेश मिळविणारा हा पहिला भारतीय संघ ठरला. ढाल उंचावली तेव्हा तीन वर्षांपूर्वी पाया खणणारा माणूस तेथे नव्हता. आम्हांस त्या क्षणी आमचा अव्वल कारकून आठवला.

येथेच गोष्ट संपली असती तर ती बोधकथा झाली असती. पण खेळ बोधकथेस बांधलेला नसतो. उपांत्य फेरीत चेन्नईस १-४ असा पराभव पत्करून संघ ७ मार्चला फातोर्ड्यास आला. शिगमो तोंडावर होता. तो सामना आपण ४-२ असा जिंकला आणि तरीही एकूण ५-६ असे बाहेर पडलो. आठवड्याने अंतिम सामना फातोर्ड्यासच झाला, साथीच्या भयामुळे प्रेक्षकांविना, आणि त्यात गोवा नव्हता. पुढे एप्रिल २०२१ मध्ये त्याच रिकाम्या मैदानावर आशियातील बलाढ्य संघ आले. अल रय्यान आणि अल वाहदा यांना ०-० असे रोखून धरताना आम्ही दूरदर्शन संचासमोर श्वास रोखून बसलो होतो. सहा सामन्यांत तीन बरोबरी, तीन पराभव, एकही विजय नाही, चार संघांत तिसरे स्थान. कागदावर हे यश नव्हे. पण पाच वर्षांपूर्वी आठांत आठवा आलेल्या संघाकडे पाहता, त्यास अपयश म्हणण्याची आमची जीभ रेटत नाही.

आणि हेही नमूद केले पाहिजे की २०२१-२२ च्या हंगामात हाच संघ नवव्या स्थानी घसरला. बांधलेले कायम टिकते असे नाही. देवळालाही काही पिढ्यांनी पुन्हा जीर्णोद्धार लागतोच. म्हणून त्या आधीचे बांधकाम वाया गेले, असे कोणी म्हणत नाही.

आपल्यापैकी बहुतेकांवर कधी ना कधी दुसऱ्याच्या वर्षाचा निकाल लिहिण्याची वेळ येते. मुलगा नवा धंदा मांडतो, सून आजारातून उठून पुन्हा नोकरीस लागते, एखादी संस्था मोडकळीतून वर येऊ पाहते. आपण मार्चअखेरीस वही उघडतो आणि शेरा मारतो. वाचकांस एवढीच विनंती की लेखणी टेकविण्यापूर्वी विचारावे: यंदा याने काय उघडे केले, कोणती चूक मागे टाकली आणि उद्या हा येथे नसला तर येणाऱ्याच्या हाती काय लागेल? उत्तर काहीच नसेल, तर खुशाल नापास करावे. तेथे दया दाखविणे हाही खोटेपणाच.

नातवास आम्ही हे सारे सांगितले. त्याने क्षणभर विचार केला आणि वहीच्या कोऱ्या जागेत लिहिले: ‘पास. निकाल पुढच्या वर्षी जाहीर.’ अव्वल कारकुनाच्या अहवालावर असा शेरा लिहिण्याची सोय त्या छापील नमुन्यात नव्हती. पण नमुन्याबाहेर चार ओळी जोडण्यास आम्हांस कोणी मनाई केली नव्हती, हेही खरेच.