सत्पात्री दान : श्रद्धा आणि विवेक



श्रींच्या दर्शनास आलेला प्रत्येक जण आपल्या परीने काही ना काही अर्पण करूनच परततो. कोणी दानपेटीत नाणे टाकतो, कोणी अन्नदानाची पावती करतो, कोणी नवस फेडतो. देण्याची ही ओढ हे आपल्या संस्कृतीचे फार मोठे धन होय. परंतु द्यावे किती याचा विचार जितका होतो, तितका द्यावे कोठे, कोणास आणि कशासाठी याचा होत नाही. म्हणून दर्शनानंतरच्या निवांत क्षणी आपण या विषयाचे थोडे चिंतन करू.

श्रीमद्भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात भगवंतांनी दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. योग्य स्थळी, योग्य वेळी, योग्य पात्र पाहून, परतफेडीची अपेक्षा न धरता कर्तव्य म्हणून दिलेले दान सात्त्विक होय. काही परत मिळावे या हेतूने अथवा मनात कुरकुर ठेवून दिलेले दान राजस होय. स्थळ, काळ व पात्र न पाहता, अनादराने फेकल्यासारखे दिलेले दान तामस होय. या विभागणीत रकमेचा उल्लेख कोठेही नाही, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. दानाची प्रत रकमेवरून ठरत नाही; ती देणाऱ्याच्या भावावरून आणि विवेकावरून ठरते.

महाभारतातील मुंगसाची कथा हेच सांगते. कुरुक्षेत्रात वेचलेल्या दाण्यांवर निर्वाह करणाऱ्या एका दरिद्री कुटुंबाने, दुष्काळात कष्टाने मिळविलेले सातूचे पीठ दारी आलेल्या भुकेल्या अतिथीस दिले. पती, पत्नी, पुत्र व स्नुषा अशा चौघांनीही आपापला वाटा पुढे केला. तेथे सांडलेल्या पिठात लोळलेल्या मुंगसाचे अर्धे अंग सोन्याचे झाले. उरलेले अर्धे अंगही तसेच व्हावे म्हणून ते युधिष्ठिराच्या अश्वमेधात येऊन लोळले. पण तेथील अपार दानाने त्याचा एक केसही पालटला नाही.

सत्पात्र कोणास म्हणावे?

सत्पात्र म्हणजे केवळ विद्वान अथवा कुलीन मनुष्य, असा अर्थ पुष्कळदा केला जातो. पैठणच्या संत एकनाथ महाराजांनी तो आपल्या आचरणाने विशाल केला. काशीहून गंगोदकाची कावड घेऊन नाथ रामेश्वरास निघाले असता, वाटेत तापलेल्या वाळूत तहानेने तडफडणारे गाढव त्यांना दिसले. शेकडो कोस वाहून आणलेले ते पवित्र जल त्यांनी गाढवाच्या मुखी घातले. सोबतची मंडळी हळहळली. नाथांना मात्र आपली कावड रामेश्वरी पोहोचल्याचेच समाधान लाभले. परंपरेने जपलेल्या या आख्यायिकेचा बोध स्पष्ट आहे. ज्याची गरज खरी, निकडीची आणि आपल्या हाताने भागण्याजोगी, तो सत्पात्र होय. त्याचे कुळ, जात वा योनी येथे विचारली जात नाही.

काय द्यावे, याचाही विवेक हवा. कठोपनिषदातील बालक नचिकेताच्या मनात पित्याचा यज्ञ पाहून शंका उत्पन्न झाली, कारण दानात दिल्या जाणाऱ्या गाई म्हाताऱ्या व दूध देण्यास असमर्थ होत्या. घरातील अडगळ दुसऱ्याच्या दारी टाकणे हे दान नव्हे. महापूर वा भूकंप झाला की फाटके-विटके कपडे ट्रक भरभरून पाठविले जातात. ते निवडण्यातच सेवकांचे दिवस जातात आणि शेवटी त्यांचे ढीग पडून राहतात. आपद्ग्रस्तास काय हवे आहे हे तेथे काम करणाऱ्यांना आधी विचारावे आणि तेच द्यावे. मदतीची गाडी बहुधा हमरस्त्यावरील गावात रिकामी होते. आतल्या वस्तीपर्यंत जो पोहोचतो, त्याच्या हाती दिलेले दान अधिक फळते.

संस्था पारखून घ्यावी

काही भाविकांस वाटते की दान देताना चौकशी करणे म्हणजे श्रद्धेत उणेपणा आणणे. तसे नाही. बाजारात बैल घेताना शेतकरी त्याचे दात पाहतो. लेक ज्या घरी द्यावयाची, ते घर वडीलधारी मंडळी चार ठिकाणी विचारपूस करून पाहतात. कष्टाचा पैसा तर आपण देवाच्या नावाने देतो. तो कोणत्या घरी जातो हे न पाहणे ही श्रद्धा नसून उदासीनता होय.

कोणत्या प्रकारच्या हाती दान द्यावे, याचा आदर्श गाडगे महाराजांनी (१८७६–१९५६) घालून दिला. हाती खराटा, अंगावर चिंध्यांचे वस्त्र आणि डोक्यावर गाडग्याचे खापर, एवढाच या महापुरुषाचा संसार. त्यांच्या शब्दावर लोकांनी लाखो रुपये दिले आणि त्यातून पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे धर्मशाळा उभ्या राहिल्या. सदावर्ते व वसतिगृहे चालू झाली. बाबांनी स्वतःसाठी त्यातले काही ठेवले नाही. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा तर त्यांनी १९४९ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेकडे सोपविली, म्हणजे आपण उभारलेली वास्तू विद्यार्थ्यांच्या उपयोगासाठी दुसऱ्याच्या समर्थ हाती देऊन ते मोकळे झाले. हाती आलेला पैसा लोकांचा आहे, आपण केवळ भारवाही आहोत, ही भावना जेथे दिसेल तेथे निःशंकपणे द्यावे.

आजच्या काळी ही पारख करण्याची साधनेही उपलब्ध आहेत. महाराष्ट्रातील सार्वजनिक न्यासांची नोंदणी महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० अन्वये धर्मादाय कार्यालयाकडे होते आणि न्यासांनी आपले हिशेब तपासून घ्यावे लागतात. म्हणून मोठी देणगी देण्यापूर्वी पुढील प्रश्न नम्रपणे पण अवश्य विचारावेत. संस्थेचा नोंदणी क्रमांक काय? विश्वस्त कोण आहेत? गेल्या वर्षीचा लेखापरीक्षण अहवाल पाहावयास मिळेल काय? पैसा नेमक्या कोणत्या कामावर खर्च झाला आणि त्याचा लाभ किती जणांस झाला? काम प्रत्यक्ष पाहता येईल काय? चांगली संस्था या प्रश्नांनी दुखावत नाही. उलट तिला आनंदच होतो. जी संस्था आकडे झाकून केवळ करुण छायाचित्रे दाखविते, अथवा आजच द्या म्हणून घाई करते, तेथे थोडे थांबावे.

याचबरोबर एका गैरसमजापासून दूर राहावे. सेवकांच्या वेतनावर खर्च करणारी संस्था लबाडच असते, असे नव्हे. रुग्णसेवा करणाऱ्या परिचारिकेसही घरसंसार असतो आणि वसतिगृहातील स्वयंपाकिणीलाही मुलांची फी भरावयाची असते. खर्च किती झाला याबरोबरच त्यातून काय साधले, हेही पाहावे.

पायाचा दगड

दानशूर मंडळींची स्वाभाविक इच्छा असते की आपले नाव नव्या इमारतीवर कोरले जावे. त्यात गैर काही नाही. परंतु इमारत उभी राहते आणि पुढे दिव्याच्या बिलास, औषधास, शिक्षकाच्या पगारास कोणी देत नाही, हा अनेक संस्थांचा अनुभव आहे. पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकरांनी (१७२५–१७९५) काशी विश्वेश्वराच्या मंदिराची पुनर्उभारणी केली, तसेच देशभर घाट, विहिरी, धर्मशाळा व अन्नछत्रे उभारली. हा धर्मादाय त्यांनी आपल्या खासगी उत्पन्नातून केला आणि कामे पुढेही चालू राहावीत म्हणून नेमणुका करून दिल्या. विहीर खणणे हे पुण्य आहेच, पण तिचा गाळ दरवर्षी काढणे हेही तितकेच मोठे पुण्य होय.

आपली ऐपत लहान आहे म्हणून कोणी संकोच करू नये. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. तिच्या वसतिगृहांतील मुलांसाठी खेड्यापाड्यांतील माउलींनी दररोज दळणापूर्वी मूठभर धान्य बाजूस काढून ठेवले. हाच तो ‘मुष्टिफंड’. कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मुलांची उपासमार होऊ नये म्हणून आपले दागिनेच नव्हे, तर मंगळसूत्रही मोडले. त्या मुठीमुठीतून असंख्य गरीब मुले शिकली. वर्षातून एकदा भावनेच्या भरात दिलेल्या मोठ्या रकमेपेक्षा दरमहा नेमाने दिलेली छोटी रक्कम संस्थेस अधिक उपयोगी पडते, कारण तिच्या भरवशावर पुढची योजना आखता येते.

आपल्या घरापासून आरंभ

आता एक गोष्ट संस्थानच्या पुस्तिकेत सांगणे कोणास विचित्र वाटेल, तरीही सांगणे कर्तव्य आहे. घरात आईवडिलांचे औषध अडले असेल, मुलाची फी थकली असेल अथवा डोक्यावर कर्ज असेल, तर श्रींच्या चरणी मोठी रक्कम अर्पण करण्यासाठी आणखी उसनवारी करू नये. देव हा सावकार नव्हे. फेडावयाचा नवस पुढच्या वर्षी फेडला तर तो रागावत नाही; मात्र त्याच्याच नावाने घरातील वृद्धाची आबाळ झाली, तर ते दान त्याला कसे पोहोचावे? कर्ज काढून सणसमारंभ करू नका आणि मुलांना शाळेत घाला, हेच गाडगेबाबा कीर्तनांतून आयुष्यभर सांगत राहिले.

तसेच येथे दान दिले म्हणजे आपल्या गावचे कर्तव्य संपले, असेही समजू नये. गावच्या शाळेचे छप्पर गळत असेल, वाडीवर पाणी नसेल, शेजारची विधवा भगिनी एकटी झुंजत असेल, तर तेथे दिलेला रुपया श्रींच्याच पायाशी पोहोचला असे मानावे. या संस्थानच्या दानपेटीत पडणारा पैसाही याच कसोटीस उतरला पाहिजे. आम्हासही आपण हिशेब विचारावा. तो आपला अधिकार आहे.

मंदिर परिसरात लहान मुले हात पसरताना दिसली तर मन द्रवते. परंतु त्या नाण्यामुळे मूल शाळेऐवजी रस्त्यावरच राहण्याची शक्यता वाढते. त्यास खाऊ घालावे, आणि मूल एकटे वा संकटात असल्याचे दिसल्यास बालसाहाय्य दूरध्वनी १०९८ वर कळवावे. रुग्णाच्या उपचारासाठी कोणी मदत मागितल्यास आणखी एक माहिती त्यास अवश्य द्यावी. महाराष्ट्रातील धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी सवलतीच्या दराने राखून ठेवणे बंधनकारक आहे. योग्य वेळी दिलेली अशी माहितीही हजारो रुपयांच्या दानाइतकी मोलाची ठरते.

देणगीदारांसाठी काही सूचना

देणगी संस्थानच्या देणगी कक्षातच द्यावी व पावती मागून घ्यावी. रस्त्यात भेटलेल्या कोणाही व्यक्तीच्या हाती रक्कम देऊ नये. क्यूआर कोडद्वारे पैसे पाठविताना पडद्यावर दिसणारे नाव संस्थेचेच आहे याची खात्री करावी. दुसऱ्याच खात्याचे कोड चिकटवून फसवणूक करता येते. ‘८० जी’ या नावाने परिचित असलेली आयकर वजावट २,००० रुपयांहून अधिक रोख देणगीस, तसेच धान्य वा वस्त्ररूपी दानास मिळत नाही. नवी करप्रणाली निवडणाऱ्यांसही ती लागू होत नाही. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या आपल्या बांधवांची देणगी, ते मूळचे भारतीय असले तरी, विदेशी देणगी ठरते. म्हणून ती स्वीकारण्याची नोंदणी संस्थेकडे आहे काय, हे आधी विचारून घ्यावे. करसवलत हा दानाचा हेतू नसावा. पण नियम पाळल्याने संस्थेचेही कल्याण होते.

भाविकहो, दान देऊन आपण कोणावर उपकार करीत नाही. जे मिळाले ते समाजाकडूनच मिळाले आहे. त्यातील एक वाटा योग्य जागी परत पोहोचविणे एवढेच आपल्या हाती आहे. म्हणून श्रींसमोर हात जोडताना आज एक छोटा संकल्प करावा. वर्षभरात एक तरी चांगले कार्य स्वतः पाहीन, पारखीन आणि त्यास नेमाने साहाय्य करीन. पैसा नसेल तर श्रम देईन, वेळ देईन, रक्त देईन.

आपला प्रवास सुखरूप होवो आणि आपल्या हातून घडणाऱ्या प्रत्येक दानास श्रद्धेबरोबर विवेकाचीही जोड लाभो, हीच श्रींच्या चरणी प्रार्थना.

॥ शुभं भवतु ॥